एका छपराखालचे दोन उन्हाळे

बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला म्हणजे त्याचे दोन भाग सहज ध्यानांत येतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेनें हा जिल्हा आडवा कापला आहे. रांगेच्या उत्तरेस पूर्णेचें सखल, काळ्या मातीचें खोरें; त्यांत मलकापूर, नांदुरा, शेगांव, खामगांव, जळगांव-जामोद हीं गांवें. रांगेच्या माथ्यावर व दक्षिणेस बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. पहिल्या भागास लोक घाटाखालचा मुलूख म्हणतात व दुसऱ्यास घाटावरचा. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंच आहे; मलकापूर-नांदुऱ्याची उंची त्याच्या निम्म्याहूनही कमी. उंचीबरोबर हवेचें तापमान दर हजार मीटरांस सरासरीनें साडेसहा अंश उतरतें. त्यामुळें वैशाखांत घाटाखालीं पारा ४३-४४ अंशांवर गेला, तरी घाटावर तो तीनएक अंश मागें राहतो, आणि पायथ्याचा मनुष्य राजूरचा घाट चढून वर आला कीं सुस्कारा टाकतो.

परंतु घाटाची ही गोष्ट नकाशावरच संपत नाहीं. जिल्ह्यांतील जवळजवळ प्रत्येक घरांत एक लहानसा घाट असतो, आणि तो घरांतील माणसांना रोज चढावा-उतरावा लागतो. खालच्या माजघरांत दुपारीं चटई टाकली कीं डोळा लागतो. त्याच वेळीं वरच्या मजल्यावरील खोलींत पाऊल ठेववत नाहीं. पूर्वेची खोली सायंकाळीं निवलेली असते, तर पश्चिमेची खोली मध्यरात्र उलटली तरी भट्टीसारखी धगधगत असते. एकच छप्पर, एकच कुटुंब, आणि उन्हाळे मात्र दोन.

ही केवळ गैरसोयीची गोष्ट असती तर तिचा एवढा विचार करण्याचें कारण नव्हतें. परंतु खोल्यांची विषमता ही पाहतां पाहतां माणसांची विषमता होऊन बसते. घरांतील सर्वांत गार खोली बहुधा कर्त्या पुरुषाच्या वांट्यास येते, किंवा बैठकीची खोली म्हणून पाहुण्यांसाठीं राखली जाते. स्वयंपाकघर गृहिणीच्या वांट्यास. गच्चीखालची खोली परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाच्या. आणि मागें काढलेली पत्र्याची पडवी पुष्कळदां घरांतील वृद्ध आईच्या किंवा सासूच्या. कोणी मुद्दाम अन्याय केलेला नसतो. पण ज्यांचें शरीर उष्णता सोसण्यास सर्वांत असमर्थ, त्यांनाच घरांतील सर्वांत तापलेला कोपरा मिळालेला असतो. मे २०१० मध्यें अहमदाबाद शहरांत उष्णतेची भयंकर लाट आली, तेव्हां त्या एका महिन्यांत नेहमींपेक्षां सुमारें १,३०० मृत्यु अधिक झाले. त्या अनुभवांतूनच त्या शहराच्या महानगरपालिकेनें २०१३ सालीं उष्णतेला तोंड देण्याचा कार्यक्रम आंखला, आणि पुढें देशांतील अनेक शहरांनीं तो कित्ता गिरविला. उष्माघात केवळ उघड्या रानांतच गांठतो असें नाहीं. तो घरांत, छपराखालीं, अंथरुणावरही गांठतो.

थंड देशांतील गृहस्थालाही हाच प्रश्न उलट्या बाजूनें पडतो. तेथें तक्रार अशी कीं, एक खोली उबदार व दुसरी गारठलेली. प्राचीन रोमन लोक जमिनीखालून भट्टीची धग खेळवीत; भट्टीच्या लगतची खोली सर्वांत उष्ण व दूरची कोमट असे, आणि स्नानगृहांत त्यांनीं या विषमतेचा बुद्धिपुरस्सर उपयोगही करून घेतला होता. आजच्या युरोपांत व अमेरिकेंत ऊन पाणी नळांतून खोल्याखोल्यांत फिरवितात. जवळच्या खोलीस तें फार मिळूं लागलें तर कारागीर जवळची तोटी किंचित् आवळतो, म्हणजे दूरच्या खोलीस तिचा वांटा पोंचतो. जवळचें थोडें आवरावें म्हणजे दूरच्यास मिळतें, हें तत्त्व वऱ्हाडच्या उन्हाळ्यांतही उपयोगी पडतें. तें कसें, हें पुढें येईलच.

उपायापूर्वीं निदान हवें, आणि निदानास मापन हवें. बाजारांत मिळणारे साधे उष्णतामापक दोन-तीन आणावेत. प्रत्येक खोलींत, भिंतीपासून दूर, बसलेल्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, ऊन लागणार नाहीं असा एक ठेवावा. एक बाहेर सावलींत टांगावा. सकाळीं सात, दुपारीं दोन, सायंकाळीं सहा व रात्रीं दहा या चार वेळीं तीन दिवस आंकडे टिपावेत. बारा नोंदींचा हा कागद घराची कुंडलीच होय. जी खोली दुपारीं दोन वाजतां सर्वांत तापते पण रात्रीं दहाला लवकर निवते, तिचा शत्रु बहुधा पत्रा. जी सायंकाळीं सहाला शिगेस पोंचते, तिचा शत्रु वरचा सिमेंटचा स्लॅब. जी रात्रीं दहालाही चढतीच असते, तिचा शत्रु पश्चिमेची भिंत. आणि जी सकाळपासूनच इतरांहून दोन अंश वर असते, तिच्यांत एक तर चूल आहे, किंवा तिला वारा नाहीं.

असें कां होतें, हें समजून घेणें कठीण नाहीं. बुलढाणा साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या २२ तारखेच्या सुमारास माध्यान्हीं सूर्य येथें बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या पायांतच लपते. अशा वेळीं भिंतींवर ऊन फारसें पडत नाहीं, तें सारें छपरावर पडतें. तेथें दर चौरस मीटरास सुमारें एक किलोवॅट इतकी शक्ति ओतली जाते. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीच्या छतावर माध्यान्हीं पडणारें ऊन म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसच्या चार-पांच शेगड्या एकदम पेटविल्यासारखेंच झालें. त्यांतील कांहीं भाग परत फिरतो, कांहीं वारा नेतो, आणि उरलेला हळूहळू आंत झिरपतो.

हें झिरपणें पदार्थाच्या जातीवर व जाडीवर अवलंबून असतें. लोखंडी पत्र्यांतून उष्णता जणूं क्षणांत पार होते. चार-पांच इंची सिमेंटच्या स्लॅबला तीन-चार तास लागतात. म्हणून दोन प्रहरचें ऊन सायंकाळीं सहाला आंतल्या माणसाच्या डोक्यावर येऊन उभें राहतें. नऊ इंची विटेची भिंत सहा-आठ तास घेते. म्हणून चार-पांच वाजतां पश्चिमेच्या भिंतीनें प्यालेलें ऊन रात्रीं अकरा-बाराच्या सुमारास अंथरुणाजवळ पोंचतें. दीड-दोन फूट जाडीची मातीची भिंत मात्र दहा-बारा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लावते, आणि तोंपर्यंत बाहेर पहांटेचा गारवा आलेला असतो. त्याखेरीज मातीच्या त्या प्रचंड वस्तुमानांत ऊन इतकें विखुरतें कीं, आंत येतांना त्याचा दंश उरत नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. माणसाला लागणारी उष्णता केवळ हवेची नसते. तापलेल्या तव्यापाशीं हात नेला तर स्पर्शावांचून धग लागते. तापलेलें छतही तसेंच वरून शेकत असतें. वारा नसलेल्या खोलींत अंगाला जाणवणारी उष्णता साधारणतः निम्मी हवेची व निम्मी भोंवतालच्या भिंती-छताची असते. म्हणूनच दोन खोल्यांतील उष्णतामापक सारखाच आंकडा दाखवीत असतांही एका खोलींत झोंप येते व दुसरींत येत नाहीं. पंखा छताची धग खालीं आणतो, ही तक्रार घरोघरीं ऐकूं येते, तींत पुष्कळ तथ्य आहे. पंखा हवा थंड करीत नाहीं; तो अंगावरचा घाम वाळवून गारवा देतो. खोलीची हवा ४० अंशांच्या वर गेली असतां नुसत्या पंख्याचा वारा शरीरास उलट तापवूं शकतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा आहे.

जुन्या वऱ्हाडी घरांनीं हें शास्त्र पुस्तकावांचून साधलें होतें. धाब्याच्या घराचें छत म्हणजे सागाचीं लांकडें, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यांवर हातभर जाड मातीचा थर. खालीं जाड भिंतींचें माजघर, पुढें ओसरी, मागें पडवी, मध्यें चौक. ऊन प्रथम ओसरीवर थबकत असे आणि माजघरापर्यंत पोंचतां पोंचतां दिवस मावळत असे. सिंदखेडराजा येथें लखुजी जाधवांचा जो वाडा जिजाबाईंचें जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे, त्याच्या जाड भिंतींच्या आंत वैशाखांतील दुपारीं शिरणाऱ्यास हा फरक अंगानेंच कळतो. अशा घरांतही सर्व खोल्या सारख्या गार नसत. पण कोणत्या खोलींत केव्हां बसावें याचें वेळापत्रक साऱ्या घराच्या अंगवळणीं पडलेलें होतें. सकाळ चौकांत, दुपार माजघरांत, संध्याकाळ ओसरीवर, रात्र धाब्यावर. घर स्थिर होतें, माणसें फिरत होतीं.

धाबें गेलें, कारण तें दर पावसाळ्यांत गळे, दर वर्षीं माती मागे, आणि लांकूड महाग झालें. त्याच्या जागीं स्लॅब आला. तो गळत नाहीं व त्यावर दुसरा मजलाही चढवितां येतो. हा बदल वाईट झाला असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. मात्र मातीचा थर गेला तेव्हां त्याचें काम कोणी करावयाचें, हा प्रश्न विचारावयाचा राहून गेला. तो आतां विचारला पाहिजे.

पहिला उपाय छपराचा. कारण रोगाचें मूळ तेथें आहे. काळवंडलेला सिमेंटचा स्लॅब ऊन बहुतांशीं पिऊन टाकतो. ताजा पांढरा चुना त्यांतील बराच मोठा भाग परत आकाशांत फेंकतो. कळीचा चुना विरवून, गाळून, त्यांत थोडा डिंक घालून होळीच्या सुमारास गच्चीवर दोन हात द्यावेत. चुना डोळ्यांत जाऊं नये एवढी खबरदारी घ्यावी. पावसाळ्यानंतर तो धुपून जातो, म्हणून दर वर्षीं पुन्हां द्यावा लागतो. मध्यंतरीं धूळ बसली तर झाडून काढावी. याहून टिकाऊ असे पांढरे रंगही आतां मिळतात. या एका उपायानें छताखालच्या खोलींत साधारण दोन अंशांपासून पांच अंशांपर्यंत उतार पडतो, असा अनुभव आहे. तेलंगण सरकारनें २०२३ सालीं अशा शीतल छपरांसाठीं स्वतंत्र धोरणच जाहीर केलें.

दुसरा उपाय, छपराला छत्री देण्याचा. गच्चीवर कमरेइतक्या किंवा डोक्याइतक्या उंचीवर मांडव घालून खालून वारा खेळता ठेवला, तर ऊन स्लॅबला शिवतच नाहीं. कापसाच्या मुलखांत तुराट्या-पऱ्हाट्यांना तोटा नाहीं. पण त्या वाळल्या कीं ठिणगीस निमंत्रण देतात, म्हणून शहरवस्तींत हिरवें जाळीचें कापड बरें. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेंतून ज्यांनीं गच्चीवर सौर पट्ट्या बसविल्या, त्यांना विजेबरोबर ही सावलीही मिळालेली आहे. पट्ट्या जरा उंच घोड्यांवर असाव्यात, इतकेंच. पत्र्याच्या खोलीस खालून बांबूच्या चटईचें छत करावें, आणि पत्रा व चटई यांमधील पोकळीस दोन्ही टोकांना झरोके ठेवावेत. कोंडलेली हवा तेथून निघून जाते. पत्र्यावर मडकीं उपडीं घालणें, विटांचे तुकडे व चुन्याचा कोबा करणें हेही जुने, चांगले उपाय आहेत. परंतु त्यांचें वजन मोठें असतें, म्हणून अभियंत्यास विचारल्यावांचून ते करूं नयेत. गच्चीवर सायंकाळीं बादल्याच्या बादल्या पाणी ओतण्याची चाल मात्र या जिल्ह्यांत परवडणारी नाहीं. जेथें वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते, तेथें चुन्याचा हात हा पाण्याच्या शिडकाव्यापेक्षां शहाणपणाचा.

तिसरा उपाय पश्चिमेचा. तेथें खिडकीवरील सज्जा फारसा उपयोगीं पडत नाहीं, आणि घर बांधणारे येथेंच चुकतात. मे महिन्यांत सायंकाळीं पांचच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून सुमारें पंचवीस अंशांवर असतो. अशा वेळीं दोन फूट रुंदीच्या सज्ज्याची सावली खिडकीवर फूटभरच उतरते. चार फूट उंचीची खिडकी तीन-चतुर्थांश उघडी ती उघडीच. दक्षिणेच्या खिडकीस सज्जा पुरतो, पश्चिमेच्या खिडकीस आडवा नव्हे तर उभा पडदा लागतो. तो आंतून लावूं नये. कांचेच्या आंत आलेलें ऊन घरांत आलेलेंच असतें. बाहेरून बांबूची ताटी, वाळ्याची ताटी, किंवा भिंतीपासून वीतभर दूर ठेवलेल्या जाळीवर चढविलेला वेल, यांनीं काम होतें. जागा असेल तर पश्चिमेस कडुलिंब लावावा. चार-पांच वर्षांत तो भिंतीवर सावली धरूं लागतो. आणि जागा मुळींच नसेल तर निदान आंतून तरी त्या भिंतीलगत कपाटें व पुस्तकांच्या मांडण्या लावाव्यात, पलंग नव्हे.

चौथा उपाय वाऱ्याचा. त्यास एक पैसाही लागत नाहीं, फक्त शिस्त लागते. सकाळीं आठाच्या सुमारास बाहेरचा पारा आंतल्याच्या पुढें जाऊं लागतो. तेव्हां खिडक्या लावून पडदे ओढावेत. सायंकाळीं बाहेरचा पारा आंतल्याहून खालीं उतरला कीं सर्व उघडावें. पुष्कळ घरांत नेमकें उलट चालतें: दुपारीं वाऱ्यासाठीं खिडक्या उघड्या, आणि रात्रीं चोर व डांस यांच्या भयानें बंद. जाळी व गज यांवर केलेला खर्च येथें सर्वांत अधिक फळ देतो. ऊन झालेली हवा हलकी होऊन वर जाते. म्हणून जिना हा घराचें धुराडेंच असतो. दिवसा जिन्याचें दार लावून ठेवावें, म्हणजे खालची धग वरच्या खोलीच्या माथीं बसत नाहीं. रात्रीं गच्चीचें दार व खालच्या खिडक्या उघडाव्यात, म्हणजे घरभर वारा वर ओढला जातो.

पांचवा उपाय कूलरचा. वऱ्हाडांत कूलर हा आतां घरच्या माणसासारखाच झाला आहे, पण त्याची रीति थोड्यांनाच ठाऊक असते. एक लिटर पाणी वाफ होतांना सुमारें २,४०० किलोज्यूल उष्णता शोषून घेतें. कूलरचें सारें कर्तृत्व यांत आहे. ४२ अंशांची, २० टक्के आर्द्रतेची कोरडी हवा चांगल्या कूलरमधून निघतांना २८ अंशांच्या आसपास उतरते. परंतु ही हवा खोलींत शिरण्यासाठीं आधींची हवा बाहेर गेली पाहिजे. बंद खोलींत कूलर लावला तर तासाभरांत खोली ओलसर व गुदमरलेली होते, आणि मग कूलर बिघडला म्हणून त्यालाच दोष दिला जातो. कूलर खिडकीबाहेर, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या सावलींत असावा, आणि त्याच्या तोंडाएवढी वाट हवेला दुसऱ्या बाजूनें बाहेर पडण्यास असावी.

ती वाट कोठें ठेवावी, यांतच साऱ्या घराची किल्ली आहे. कूलरच्याच खोलींतील खिडकी उघडी ठेवली तर गारवा तेथूनच निघून जातो. ती लावून घेतली, मधलें दार उघडलें, आणि सर्वांत दूरच्या, सर्वांत तापलेल्या खोलीची खिडकी उघडली, तर वारा मधल्या खोल्यांतून वाहत तेथपर्यंत जातो. मधल्या खोलीची खिडकी बोटभर फट ठेवून लावावी, दूरची पुरती उघडावी. परदेशांतील कारागीर तोटी आवळून जें साधतो तेंच येथें खिडकीच्या कडीनें साधतें. दूरच्या खोलीस पोंचलेली हवा वाटेंत दोन-तीन अंश तापते हें खरें. पण ४० अंशांच्या खोलीला ३१ अंशांचा वारा हा अमृतच. वातानुकूलन यंत्र असेल तर मात्र नियम उलटा. तेथें दारें-खिडक्या बंद हव्यात. अशा घरांत यंत्र एकाच खोलींत असतें, म्हणून निदान कडक उन्हाच्या रात्रीं साऱ्या कुटुंबानें त्याच खोलींत अंथरुणें घालावींत हें उत्तम.

सहावा उपाय स्वयंपाकघराचा. गॅसची एक शेगडी सुमारें दोन किलोवॅट उष्णता सोडते. दोन पेटल्या म्हणजे त्या लहानशा खोलींत दोन मोठ्या शेकोट्याच झाल्या. ओट्याच्या वरच्या भिंतींत धूर बाहेर फेंकणारा पंखा बसवावा, आणि त्यास हवा पुरविण्यासाठीं समोरून दाराखालीं किंवा खिडकींत वाट ठेवावी. डाळ-तांदूळ भिजवून घेतल्यानें व झांकण ठेवून शिजविल्यानें पेटण्याचा वेळ पुष्कळ कमी होतो. भाकरी सकाळीं आठाच्या आंत झाल्या तर गृहिणीचे दोन तास वांचतात. कूलरची वाट स्वयंपाकघराच्या खिडकींतून बाहेर काढणें हा तर दुहेरी लाभ. सारें घर निवून उरलेला वारा चुलीची धग घेऊन बाहेर पडतो, व चुलीपुढें बसणारीस तो प्रथमच भेटतो. मात्र शेगडीची ज्योत विझणार नाहीं इतपत आडोसा तेथें असावा.

हे सारे उपाय केले तरी खोल्या अगदीं समान होणार नाहींत. उरलेली विषमता माणसांनीं वांटून घ्यावयाची असते. उष्णतेच्या नोंदींचा कागद घेऊन घरांतील मंडळींनीं एकदां एकत्र बसावें आणि ठरवावें: दुपारीं बारा ते पांच सर्वांत गार खोली कोणाची, रात्रीं नऊ ते पहांटे कोणती कोणाची. त्या खोलीवर पहिला हक्क वृद्धांचा. वय वाढतें तशी घाम येण्याची शक्ति व तहानेची जाणीव दोन्ही मंदावतात, आणि आजीबाई 'कांहीं नाहीं, बरं वाटतंय' म्हणत असतांनाच प्रकृति बिघडते. दुसरा हक्क अर्भकांचा व बाळंतिणीचा. बाळंतिणीस वारा लागूं नये म्हणून तिला बंद, अंधाऱ्या खोलींत शेगडीसह ठेवण्याची चाल थंडींत समजण्यासारखी आहे. वैशाखांत ती आईच्या व बाळाच्या जिवावर बेतूं शकते. नवजात अर्भकाला घाम गाळून अंग थंड राखणें पुरतें साधत नाहीं. तिसरा हक्क आजाऱ्यांचा. धडधाकट माणसांनीं पत्र्याच्या खोलींत रात्रीं झोपावें. पत्रा रात्रीं नऊनंतर लवकर निवतो, आणि दिवसाची सर्वांत वाईट खोली रात्रीं पुष्कळदां सर्वांत चांगली ठरते. ज्या पडवींत आजीला दुपारीं बसवत नाहीं, तींत नातवास रात्रीं सुखानें झोंप लागते. अदलाबदल केली तर दोघांचेंही साधतें. कोणी भ्रमिष्टासारखें बोलूं लागलें, अंग अतिशय तापलें, शुद्ध हरपूं लागली, तर त्यास तत्काळ गार जागीं हलवून अंगावर पाणी घालावें, वारा घालावा, व विलंब न करतां दवाखान्यांत न्यावें.

मार्गशीर्ष-पौषांत हेंच घर आपलें तोंड फिरवितें. घाटावर, विशेषतः बुलढाणा-चिखलीकडे, रात्री चांगल्याच गारठतात. उत्तरेची जी खोली उन्हाळ्यांत सर्वांत प्रिय, ती आतां नकोशी होते. सूर्य आतां दक्षिणेकडे झुकलेला असतो. डिसेंबरच्या माध्यान्हीं तो क्षितिजापासून सुमारें ४६ अंशांवरच असतो व दक्षिणेच्या खिडकींतून आंत उतरतो. म्हणून थंडींत दक्षिणेची खिडकी दिवसा उघडावी, ऊन जमिनीवर पडूं द्यावें, आणि सायंकाळीं लावून घ्यावी. वृद्धांचें अंथरुण तेव्हां पश्चिमेच्या त्याच भिंतीशीं न्यावें, जी उन्हाळ्यांत वैरीण होती. दुपारीं प्यालेलें ऊन ती रात्रीं परत देते. मात्र बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून कोणीही झोपूं नये. जळत्या कोळशांतून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नाहीं, वास नाहीं, आणि त्यानें झोंपलेला मनुष्य जागा होत नाहीं.

जे नवें घर बांधणार आहेत त्यांना हें सर्व आधींच साधतां येईल. केंद्र सरकारनें २०१८ सालीं निवासी इमारतींसाठीं इको-निवास संहिता प्रसिद्ध केली. छपराच्या दर चौरस मीटरांतून, आंतबाहेर एक अंशाचा फरक असतां, १·२ वॅटपेक्षां अधिक उष्णता जाऊं नये, अशी तींत मर्यादा आहे. नुसत्या उघड्या स्लॅबमधून याच्या तिपटीच्या जवळपास जाते. म्हणजे स्लॅबवर उष्णतारोधक थर घालणें ही चैन नव्हे, ती धाब्यावरच्या मातीची भरपाई होय. नकाशा काढतांना जिना, न्हाणीघर, कोठीची खोली पश्चिमेस टाकावी. निजण्याच्या खोल्या पूर्वेस व उत्तरेस घ्याव्यात. समोरासमोर खिडक्या ठेवाव्यात. गवंड्यापुढें हा आग्रह धरण्यास खर्च लागत नाहीं, आणि तो न धरल्याची किंमत मात्र पुढें प्रत्येक वैशाखांत भरावी लागते.

घाटाखालच्या मुलखास घाटावरची हवा आणून देणें कोणाच्याच हातीं नाहीं. पण घराच्या आंतला जो घाट आहे, तो माणसानें बांधलेला आहे, आणि चुना, ताटी, खिडकीची कडी व थोडें समंजसपण यांच्या बळावर तो बराच सपाट करतां येतो. त्यास आरंभ करण्यास होळीची वेळ उत्तम; चुना त्याच सुमारास विरवावा, आणि तो वाळण्यापूर्वींच, येत्या उन्हाळ्यांत घरांतील सर्वांत गार खोली कोणाची, हेंही ठरवून टाकावें.